झाली का सवय?

‘सवय होईल.’ सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र, घरी आल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले, की अजूनही कुणी म्हटलं तरी डोकं सणकतं.

स्लीप स्टडी, रिपोर्ट, मशीन घरी येणं, सगळं सुरळीत झालं. रिपोर्टमध्ये एएचआय 38 आला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी 38 वेळा माझा श्वास थांबत होता किंवा अगदी उथळ होत होता. 30 च्या वर गेलं की तीव्र स्लीप ॲप्निया. मला वाटायचं, मी नुसतीच घोरते.

अडलं ते मास्कपाशी. नाकावर बसणारा मास्क होता. रात्री दोन-अडीचला प्रेशर वाढलं की कडेनं फुर्रर्र आवाज सुरू, आणि हवेचा झोत थेट डाव्या डोळ्यात. मी पट्टे आवळायचे. पंधरा मिनिटं शांतता, परत फुर्रर्र. परत आवळायचं. सकाळी डोळा लाल, नाकाच्या दांडीवर वळ, आणि मशीनच्या पडद्यावर मास्कच्या नावापुढे तोंड पाडलेला लाल चेहरा. दोनदा तर झोपेतच मास्क काढून फेकला होता, मला पत्ताही नाही.

टेक्निशियनला फोन केला. ‘मॅडम, सवय होईल.’ आठवड्यानं प्रत्यक्ष गेले. त्यांनी खुर्चीत बसवून मास्क लावला, मशीन बंदच, आणि म्हणाले, ‘बघा, कुठे हलतोय?’ बसल्यावर कशाला हलेल! मी काय खुर्चीत झोपते?

तिसऱ्या खेपेला ते रजेवर होते, हे माझं नशीब. त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?’ मला तपासणीच्या टेबलावर डाव्या कुशीवर झोपवलं, मशीन लावून प्रेशर 11 वर नेलं, आणि लगेच फुर्रर्र. ती हसली. कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, एक माप मोठं होतं. लहान लावलं, सगळे पट्टे ढिले केले, मग हवा चालू असतानाच मास्क चेहऱ्यापासून जरासा ओढून सोडला. आत हवा भरली आणि कुशन आपसूक बसलं. मास्क हवेनं फुगून चिकटतो. आवळला की कुशन चुरगळतं आणि जास्तच गळतं. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी माझे तीन आठवडे गेले. आडवं झाल्यावर गाल सरकतात हे कळायला काय मोठं शास्त्र लागतं?

त्या रात्री सलग साडेसहा तास झोपले. सकाळी पडद्यावर एएचआय 2.6.

तुम्ही नवे असाल तर मास्क आडवं पडून, मशीन चालू ठेवूनच लावून बघा, समोरचा कितीही घाईत असला तरी. सुरुवातीला हवा कमी पडून घुसमटल्यासारखं वाटलं तर रॅम्पचं, म्हणजे सुरुवातीला कमी ठेवून हळूहळू वाढत जाणाऱ्या हवेचं, सुरुवातीचं प्रेशर थोडं वाढवून मागा. मला 4 वर जीव नकोसा व्हायचा, 6 वर बरं वाटलं. पण मुख्य प्रेशरला डॉक्टरांना न विचारता हात लावू नका. नाक चोंदत असेल तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा मिसळणारा मशीनचा भाग, वाढवा. मात्र खोली गार असली तर नळीत पाणी साठून गुडगुडतं, तेव्हा एक पायरी कमी. दिवसा वाचत बसताना अर्धा तास मास्क लावल्यानं माझी धास्ती गेली.

आणि हो, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: रात्री चेहऱ्याला क्रीम लावू नका. मी रोज चोपडत होते, त्यावरूनही कुशन घसरायचं. सकाळी कुशन सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळवते.

परवा पहिल्या टेक्निशियनचा फोन आला. ‘काय मॅडम, झाली ना सवय?’

‘नाही,’ म्हटलं, ‘कुशन बदललं.’