रूट ६६ शोधायला निघण्याआधी साल ठरवा

अमेरिकेतला जुना महामार्ग रूट ६६ म्हणजे शिकागोपासून कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकापर्यंतची एकच रेघ, असं धरून चाललात तर पहिल्या मोठ्या गावातच घोळ होतो. १९२६ ते १९८५ या काळात हा रस्ता सतत जागा बदलत राहिला. त्यामुळे नकाशा उघडण्याआधी ठरवायचं, कोणत्या सालचा ६६ हवा?

हे सगळ्यात नीट कळतं ते न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्कीत. तिथे फोर्थ स्ट्रीट आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या चौकात रूट ६६ स्वतःलाच छेदतो! आधीचा रस्ता राज्याची राजधानी सँटा फेहून उत्तर-दक्षिण यायचा. १९३७ नंतरचा सँटा रोसाहून थेट पश्चिमेला जातो. या बदलामागची कथा मोठी रंगतदार आहे. १९२६ची निवडणूक हरलेले गव्हर्नर हॅनेट सँटा फेच्या राजकारण्यांवर चिडले आणि खुर्ची सोडायच्या आत सँटा फेला वगळून सँटा रोसा ते मोरियार्टी हा सुमारे ११० किलोमीटरचा रस्ता काढायला त्यांनी माणसं जुंपली. पुढे ६६ त्याच वाटेने वळवला गेला.

ओक्लाहोमात मायामी ते अफ्टनदरम्यान जेमतेम ९ फूट रुंदीचा जुना तुकडा आहे. समोरून गाडी आली की एका बाजूची चाकं खाली उतरवावीच लागतात, आणि पावसानंतर कडेची माती चाक धरून ठेवते. ओल असेल तर तिकडे वळू नका.

अ‍ॅरिझोनात ओटमनजवळचा सिटग्रीव्ह्ज घाट जुन्या गाड्या रिव्हर्समध्ये चढायच्या, ही दंतकथा वाटते, पण कारण साधं आहे. फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीला पेट्रोलचा पंप नव्हता. टाकी सीटखाली, पेट्रोल उताराने कार्ब्युरेटरकडे (इंजिनला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणाऱ्या भागाकडे) जायचं. खड्या चढावर कार्ब्युरेटर टाकीच्या वर जाई आणि इंजिन बंद पडे. गाडी रिव्हर्समध्ये चढवली की टाकी वर. आज या घाटात ४० फुटांहून लांब गाड्यांना मनाई आहे.

जीपीएसला फक्त पुढचं गाव सांगितलंत तर तो इंटरस्टेटवरच, म्हणजे नव्या द्रुतगती महामार्गावरच नेणार. दर काही किलोमीटरवर मधले थांबे टाका. तरीही जुना रस्ता एखाद्या ओढ्याशी अचानक संपतो, कारण पुढचा भाग इंटरस्टेटखाली गेलाय किंवा पूल उरलेला नाही. अशा वेळी मागे फिरून आधीच्या एक्झिटने जायचं. मोहावे वाळवंटात अँबॉयच्या आसपास लाकडी पूल आहेत. अचानक येणाऱ्या पुरांनी ते खचतात आणि रस्ता लांबलचक काळ बंद राहतो, म्हणून सॅन बर्नार्डिनो काउंटीची बंद रस्त्यांची यादी निघण्याआधी पाहाच.

शेवटाबद्दलही साल महत्त्वाचं. आधी रस्ता लॉस एंजेलिसच्या सेव्हन्थ आणि ब्रॉडवे चौकात संपायचा. १९३६पासून तो सँटा मोनिकात लिंकन आणि ऑलिम्पिक या रस्त्यांच्या चौकापाशी संपू लागला. सँटा मोनिकाच्या समुद्रातल्या धक्क्यावरची, ६६ इथे संपतो असं सांगणारी पाटी २००९ची. अधिकृत ६६ तिथपर्यंत कधी गेलाच नाही.