तेलाचं ताक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. एका उन्हाळ्यात एक शेतकरी वडिलांचा जुना टिपर टोचन करून घेऊन आले. बॉनेटवर मर्सिडीजचा तारा. टाटा आणि डेमलर-बेंझचा करार १९६९ साली संपला, त्याआधीची गाडी. हौदा कुजलेला, चेसिस मात्र ठणठणीत. भंगारात त्यांना ट्रॅक्टरला लावायचा जेसीबीचा मागचा हात मिळाला होता, तो यावर बसवून हवा होता. गाडी शेतातच फिरणार, रस्त्यावर नाही, हे मी आधीच कबूल करून घेतलं. पासिंगच्या भानगडीत कोण पडणार!

चेसिसला मी वेल्डिंग लावत नाही, पुढं तिथंच चीर जाते. वर चॅनेलची सबफ्रेम टाकून यू-बोल्टनं आवळली. ट्रॅक्टरला मागं स्प्रिंगचे पाटे नसतात, ट्रकला असतात. बकेट जमिनीत रुतली की गाडी झुलणार. म्हणून जमिनीवर टेकायचे दोन्ही जॅक सबफ्रेमलाच घेतले. पिनांना गनमेटलचे नवे बुश केले. इंजिनाच्या जोरावर पंप फिरवणारा पीटीओ टिपरला होताच, हायड्रॉलिक तेलाचा पंप तेवढा मोठा बसवला.

ट्रायलला लिव्हर ओढला. बूम, म्हणजे हाताचा मुख्य दांडा, दोन फूट उचलली आणि थरथरायला लागली. पंपातून खडी भरडल्यासारखा आवाज. टाकीचं झाकण काढलं, तर तेलाचं ताक झालेलं, वर हा फेस!

"मिस्त्री, पंप गेला काय ओ?"

फेस म्हणजे हवा शिरतेय. पण गळती एका थेंबाची नाही. दाबाच्या बाजूचा सांधा ढिला असला तर तेल बाहेर येतं, लगेच दिसतं. ओढणाऱ्या बाजूला उलटं, तिथं हवा आत जाते आणि पाइप बाहेरून कोरडाच राहतो. इंजिन स्लो ठेवून मी टाकीपासून एकेका सांध्यावर बोटानं ग्रीस लिंपत गेलो. पंपाजवळच्या क्लिपपाशी ग्रीस आत ओढलं गेलं, खळगा पडला आणि आवाज एकदम बसला.

तो जुना सक्शन पाइप, दिसायला बरा म्हणून, मीच ठेवला होता. कापून बघितला तर रबर लाकडासारखं कडक, क्लिप आवळून उपयोगच नाही. नव्या पाइपाचे पैसे बिलात धरले नाहीत.

फेस बसेपर्यंत दोन चहा झाले. मग लिव्हर मालकांच्या हातात दिला. बूम सरळ वर गेली, मागच्या मोकळ्या जागेत बकेटभर मुरूम निघाला. ते खाली उतरले, बॉनेटवरनं हात फिरवला.

"मिस्त्री, रंग मारताना तेवढा तारा झाकून मारा."