पडद्यावर कर्हाडे

पतसंस्थेत लाभांश वाटपाचा दिवस म्हणजे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फोन ठरलेलाच. प्रिंटर अडकला, पासवर्ड विसरला वगैरे. या वेळी शाखेतल्या मॅडम म्हणाल्या, "सर, कऱ्हाडे आडनावाचे सभासदच गायब आहेत हो. खाते क्रमांक टाकला की येतात, नाव टाकलं की नाही."

खातं उघडलं, तर पडद्यावर 'कर्हाडे'. अर्ध्या र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हा ऱ्ह दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तर ऱ हे स्वतंत्र अक्षर (०९३१), हलन्त, मग ह. नाहीतर साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह (२००डी) आणि मग ह. ही दुसरी तऱ्हा युनिकोडच्या आवृत्ती २.० च्या काळातली, जुना मजकूर मोडू नये म्हणून अजून चालते. दिसायला दोन्ही सारख्याच. पण यूटीएफ-८ मध्ये (हे क्रमांक बाइटमध्ये साठवायची रीत) पहिला कऱ्हाडे २१ बाइट, दुसरा २४. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची ठरलेली प्रक्रिया, केलं तरी हे एक होत नाहीत. मॅडम इन्स्क्रिप्ट कीबोर्डवाल्या, शिफ्ट-जे दाबून थेट ऱ काढतात. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या डेटात मात्र जॉइनर होता.

म्हणजे, असायला हवा होता. डेटा आणणाऱ्या ठेकेदाराच्या हुशार पोराने 'न दिसणारा कचरा' एका ओळीत पुसून टाकला होता. इंग्रजी डेटावर कधी काही बिघडलं नसेल त्याचं. त्यातून मोडलेलं नावही २१ बाइटचंच, त्यामुळे नुसती लांबी मोजून ही चूक पकडता येत नाही!

"सगळे रफार उलटे फिरवा की," आमचे मॅनेजर म्हणाले. फिरवले, तर पत्त्यातल्या देवळाच्या 'पायर्यांजवळ'चं 'पायऱ्यांजवळ' होईल, पण सूर्यवंशींचे सूऱ्यवंशी होतील आणि कार्यालयाचं काऱ्यालय. काढलेला जॉइनर कुठे होता, हे उरलेला मजकूर सांगत नाही.

वाचवलं ते जुन्या बॅकअपने. ज्या फॉन्टला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसायची, त्यात हा अर्धा र वेगळ्या कोडवर शाबूत होता. सभासद क्रमांक जुळवून नावं परत बसवली, सगळीकडे ०९३१ केला, आणि शोधात दोन्ही तऱ्हा एकच धरायची सोय केली. ही सोय विकत घेतलेल्या पॅकेजमध्ये का नसावी, हे मला अजून कळलेलं नाही. मराठी चालतं म्हणून विकतात, आणि तपासतात 'राम' टाकून.

प्रश्न राहिला नंतरच्या सभासदांचा. ते पोर डेटा आणून गेलं, पण त्याची ती ओळ रोजच्या नोंदणीतही चालूच होती. या लोकांचा जुना बॅकअप नाही. छापील अर्जांवरून नावं तपासा म्हणून शाखेला यादी दिली, तर एकूणएक नावापुढे बरोबरची खूण होऊन ती परत आली. त्यात तीन 'गोर्हे' आहेत. अर्जांचे फोटो मागवलेत.