भोसरीतली नोकरी आणि इग्नूचं एमबीए: माझा अनुभव

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात पीपीसीला, म्हणजे उत्पादनाच्या नियोजन विभागात आहे. ट्रॅक्टर आणि ट्रकला लागणारे शाफ्ट, हब, फ्लँज आमच्याकडे सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होतात. आज कुठल्या मशीनवर कुठला जॉब लावायचा, किती नगांची बॅच काढायची, कच्चा माल कधी मागवायचा, हे ठरवणं माझं काम. मेकॅनिकलच्या बी.ई.ला हा सगळा विषय एखाद्या पेपरात आटोपला होता. नोकरीत मात्र दिवसभर तोच. काही वर्षं सीनियर लोकांचं बघून काम रेटलं. पण 'बॅच ३०० चीच का?' असं कुणी विचारलं की माझ्याकडे 'पहिल्यापासून तशीच काढतात' याच्यापलीकडे उत्तर नसायचं, आणि ते मला फार टोचायचं.

शिकायचं होतं हे नक्की. पवईच्या निटीचं, म्हणजे आताच्या आयआयएम मुंबईचं, कॉलेजात असल्यापासून आकर्षण होतं. पण घराचा हप्ता चालू, मुलगी पहिलीत, दोन वर्षं नोकरी सोडणं शक्यच नव्हतं. तेव्हा दूरशिक्षणच.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण या टप्प्यावर बरेच जण अडकतात. माझ्या मनात आधी एम.टेक. होतं. चौकशी केल्यावर कळलं की इंजिनीअरिंगची पदवी दूरशिक्षणाने घेतली तर ती ग्राह्य धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी काही अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांबद्दल निकाल दिला. नोकरी सांभाळून अभ्यास केलेल्या कितीतरी जणांच्या पदव्या त्यात अडचणीत आल्या. तो निकाल वाचून मला त्या लोकांबद्दल खरंच वाईट वाटलं. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीतही इंजिनीअरिंग दूरशिक्षणाने चालत नाही. मान्यता असेल तर व्यवस्थापन चालतं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. म्हणून माझ्यासारख्या इंजिनीअरला सरळ वाट एकच उरते: ऑपरेशन्स, म्हणजे उत्पादन आणि कामकाजाचं व्यवस्थापन, हा विषय घेऊन एमबीए. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं, दोन्हींचं नाव बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, दोन्हींची माहितीपत्रकं आणून बसले. इग्नूची ऑपरेशन्सची विषययादी (ऑपरेशन्स रिसर्च, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, मेंटेनन्स, लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन) वाचताना आमच्याच शॉपची, म्हणजे मशीन चालतात त्या विभागाची, कामं कुणीतरी ओळीने मांडल्यासारखी वाटली. जुलै २०२१ च्या सत्रात प्रवेश घेतला. त्याच सत्रापासून नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता: २८ विषय, ११६ श्रेयांक (क्रेडिट), कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ४.

प्रवेश मिळाला त्या रात्री मी पीपीसीवाल्या सवयीने कपॅसिटी काढली. इग्नूच्या हिशोबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एका सत्रात ४-४ श्रेयांकांचे सात विषय, म्हणजे ८४० तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर आठवड्याला ३२ तास. कारखान्याचे ४८ तास वेगळे. कुठल्याही मशीनवर एवढा लोड मी कधी लावला नसता. तेव्हाच ठरवलं की दोन वर्षांचा हट्ट धरायचा नाही. सत्राची नोंदणी वेळेवर करायची, पुस्तकं घ्यायची, पण परीक्षेला झेपतील तेवढेच पेपर बसायचे आणि उरलेले पुढच्या जून किंवा डिसेंबरला द्यायचे. इग्नू ही मोकळीक देतं. नोकरी करणाऱ्याला या पद्धतीत याहून मोठी सोय नाही असं माझं ठाम मत आहे. मला साडेतीन वर्षं लागली.

वेळेचं सांगायचं तर आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या नियोजनासाठी वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळ्या वारी सुट्टी देतात, त्यात भोसरी-पिंपरी पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. अभ्यासकेंद्राचे समुपदेशन वर्ग मात्र शनिवार-रविवारी. म्हणजे वर्ग जवळजवळ बुडालेच. सुरुवातीला मी यावर खूप चिडले होते. मग लक्षात आलं की गुरुवारी नवरा ऑफिसात आणि मुलगी शाळेत असते, सासूबाई दुपारी जरा पडतात. सकाळी नऊ ते चार घर माझं एकटीचं. रविवारी सुट्टी असणाऱ्या माझ्या मैत्रिणींना पाहुणे, लग्नं, बाजार यातून असे सात तास कधीच मिळत नाहीत. बाकीच्या दिवशी कंपनीची बस शिफ्टच्या आधी अर्धा तास पोचते, तो अर्धा तास कँटीनमध्ये एका युनिटचा. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचा, त्यात पुस्तक उघडायचंच नाही असा नियम केला. त्या आठवड्यात उघडलेलं पुस्तक फक्त अपराधी वाटायला लावतं.

सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "अगं, आता या वयात परीक्षा कशाला?" मी सांगितलं, "आई, कामातलंच शिकतेय." दुसऱ्या गुरुवारपासून त्यांनी दाराची कडी आतून लावून घ्यायला सुरुवात केली, शेजारच्या कुणी येऊ नये म्हणून. माझ्या अभ्यासाला एवढी मदत दुसऱ्या कुणाची झाली नाही.

आता स्वाध्यायांबद्दल. प्रत्येक विषयाचा एक, हाताने लिहायचा, आणि निकालात त्याला ३० टक्के वजन. उरलेले ७० टक्के सत्रांत परीक्षेला. सोडवलेले स्वाध्याय विकत मिळतात, ग्रुपवर फुकटही फिरतात. मला ते बघून राग येतो. जिथे वर्ग जवळजवळ नाहीत, तिथे स्वाध्याय हाच वर्ग आहे. इग्नूच्या बऱ्याच प्रश्नांच्या शेवटी असतं की तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या संस्थेच्या संदर्भात उत्तर द्या आणि त्या संस्थेचं थोडक्यात वर्णन करा. विकतच्या उत्तरात तिथे कुठली तरी भलतीच मोठी कंपनी असते. मी दर वेळी आमची शॉप घेतली. मटेरियलच्या विषयात आमच्या स्टोअरमधल्या इन्सर्टचा, म्हणजे धातू कापणाऱ्या बदलत्या पात्यांचा, खप मांडला. एचआरच्या विषयात कंत्राटी आणि कायम ऑपरेटर एकाच मशीनवर शेजारी शेजारी असतात तेव्हा काय होतं ते लिहिलं. लिहिताना जी माहिती कमी पडायची ती विचारायला मी शॉपवर उतरायचे, आणि त्या निमित्ताने जे कळायचं ते पुस्तकात नसायचं.

हाताने लिहिण्याचा आणखी एक फायदा. वर्षानुवर्षं कीबोर्डवर काम केलेल्या माणसाला सलग तीन तास पेन चालवता येत नाही. पहिल्या सत्रात स्वाध्याय मनगट दुखेपर्यंत लिहिले म्हणून परीक्षेत हात टिकला.

अकाउंटिंगची भीती होती. आमच्या अकाउंट्सचे एक काका निवृत्तीला आलेले. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे वही घेऊन जायचे. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून एका हबची किंमत काढायला लावली: लोखंड किती, मशीनचा तास किती, टूल किती, आणि हा हब केलाच नाही तरी कुठला खर्च होणारच. स्थिर आणि बदलता खर्च मला त्या हबमुळे कळला. बिझनेस लॉ वाचला, पास झाले. इकॉनॉमिक्सचंही तसंच.

आता जे मला सगळ्यात जास्त मिळालं ते. साठ्याच्या धड्यात इओक्यूचं सूत्र येतं: सेटिंगचा (मशीन एका जॉबवरून दुसऱ्यावर नेण्याच्या तयारीचा) आणि माल साठवण्याचा खर्च मिळून किती नगांची बॅच सगळ्यात स्वस्त पडते ते. ते १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनीअरने मांडलं. बी.ई.लाही पाठ केलं होतं. या वेळी मात्र वर्गमूळाचं चिन्ह नीट बघितलं. बॅचचा आकार सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे सेटिंगचा खर्च एक चतुर्थांश झाला तर किफायतशीर बॅच निम्मी होते. 'बॅच ३०० चीच का?' याचं उत्तर तिथे होतं: कारण आमचं सेटिंग लांबतं. आणि सेटिंग लांबतं म्हणून मोठी बॅच काढत राहण्यापेक्षा सेटिंगच कमी करता येतं का, हा पुढचा प्रश्न. तो शिगेओ शिंगो यांनी जपानमध्ये विचारला होता. १९६९ च्या सुमाराला टोयोटातल्या एका हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: मशीन बंद ठेवूनच करावं लागतं ते काम आणि मशीन चालू असताना करता येतं ते काम वेगळं काढा, आणि पहिल्यातलं जेवढं दुसऱ्यात ढकलता येईल तेवढं ढकला.

हाच मी प्रोजेक्टचा विषय घेतला. नव्या अभ्यासक्रमात प्रोजेक्टला एकट्याला ८ श्रेयांक आहेत. आधी प्रस्ताव मंजूर करून घ्यावा लागतो, सोबत मार्गदर्शकाची माहिती जोडावी लागते. आमच्या व्यवस्थापकांना आकडे बाहेर जातील अशी धास्ती होती. ग्राहकांची नावं आणि पार्ट नंबर काढून टाकते असं लिहून दिलं, तेव्हा परवानगी मिळाली. यात बरेच दिवस जातात, म्हणून प्रोजेक्टचा विचार तिसऱ्या सत्रातच सुरू करावा.

एक टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ) निवडलं आणि सेटिंगचं व्हिडिओ शूटिंग केलं. सेटिंग करणाऱ्या सेटर काकांना सुरुवातीला वाटलं मी त्यांचा वेळ मोजायला आलेय. मी त्यांनाच व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं, "काका, तुम्ही सांगा, यातलं काय आधी करता येईल?" ते दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, सॉफ्ट जॉ शोधायलाच माझा जीव जातो. टूल क्रिबमधून आदल्या शिफ्टला ट्रॉलीवर लावून द्या ना." सॉफ्ट जॉ म्हणजे जॉब पकडणारे जबडे, टूल क्रिब म्हणजे हत्यारांची खोली. तिथून सुरुवात झाली. जॉ, टूल, गेज आणि ड्रॉइंग एका ट्रॉलीवर आधीच तयार. टूलची लांबी बाहेर मोजून मशीनला द्यायचे आकडे (ऑफसेट) कागदावर. पहिला नग तपासायला सीएमएमच्या (मापं तपासणाऱ्या यंत्राच्या) रांगेत थांबायचं नाही, क्वालिटीच्या माणसाला आधी निरोप. शंभर मिनिटांचं सेटिंग चाळीसवर आलं. नवीन यंत्र एकही घेतलं नाही.

सेटिंगचा खर्च वेळेच्या प्रमाणात धरला तर ०.४ चं वर्गमूळ ०.६३, म्हणजे ३०० ची बॅच साधारण १९० वर यायला हवी. व्यवस्थापक म्हणाले, "सेटिंगची संख्या वाढेल, मशीन जास्त वेळ बंद राहील." रास्त शंका होती. मी फळ्यावर मांडलं: संख्या १.५८ पट होते, पण प्रत्येकाला ४० टक्केच वेळ लागतो, म्हणजे एकूण सेटिंगचा वेळ ६३ टक्क्यांवर येतो. मशीन जास्त वेळ मोकळं, आणि शॉपवर अर्धवट माल पडून राहणंही कमी. ते बराच वेळ फळ्याकडे बघत होते, मग पुढच्या महिन्याचा प्लॅन २०० च्या बॅचने काढायला सांगितला. पदवीच्या कागदापेक्षा त्या दिवसाचा आनंद मला जास्त आहे, हे मी मनापासून सांगते.

इंग्रजीबद्दल खूप जण विचारतात. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, प्रवेश घेण्याआधीच एक-दोन युनिट वाचून बघा. शॉपवरचे निम्मे शब्द इंग्रजीच असतात, त्यामुळे ऑपरेशन्सच्या विषयांत अडत नाही. एचआर आणि स्ट्रॅटेजीत वाक्यं लांब असतात. तिथे मी प्रत्येक युनिटचा गोषवारा आधी मराठीत लिहायचे आणि मग उत्तर इंग्रजीत. बऱ्याच पेपरांत केस (एखाद्या कंपनीचा प्रसंग आणि त्यावरचे प्रश्न) असते आणि तिला पुष्कळ गुण असतात. ती आधी वाचून घ्यायची, कारण डोकं ताजं असताना सुचतं ते तिसऱ्या तासाला सुचत नाही.

पगार लगेच वाढला नाही. वर्षभराने प्लॅनिंगबरोबर परचेसची जबाबदारी आली, तेव्हा वाढला. ग्राहकाच्या ऑडिटला आता कपॅसिटीचे प्रश्न माझ्याकडे येतात.

आमच्या विभागातल्या एका मुलीने नुकताच जानेवारीच्या सत्रात प्रवेश घेतला. आता प्रवेशाआधी डीईबी (यूजीसीचा दूरशिक्षण विभाग) आयडी काढावा लागतो, त्याला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी लागतो, ते दोन्ही तिने माझ्या टेबलावर बसून केलं. तिला जूनला तीनच पेपर द्यायला सांगितलेत: अकाउंटिंग आणि क्वांटिटेटिव्ह, कारण पुढचे बरेच विषय त्यांच्यावर उभे आहेत, आणि सोबत एचआर. उरलेले चार डिसेंबरला. तिचीही सुट्टी गुरुवारीच आहे.