कोरा चेक आणि दोन पेट्या

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा संध्याकाळी माझ्या ऑफिसात आला. "काकू, एक विचारायचं होतं," म्हणाला आणि दहा मिनिटं नुसता बसून राहिला. मग विचारलं ते असं : पाटल्या मोडायला आईची सही लागते का?

मोबाइल पुढे सरकवला तेव्हा उलगडा झाला. क्रिकेटच्या सट्ट्यासाठी एजंटाने दिलेली आयडी, सामन्यांचे भाव, लगाई-खाई (संघाच्या बाजूने किंवा विरुद्ध लावलेली पैज), सेशन (ठरावीक षटकांतल्या धावांवरची पैज), आणि शेवटचा मेसेज : "दोन पेटी बाकी. रविवारपर्यंत दे, नाहीतर चेक टाकतो." पेटी म्हणजे एक लाख. सही केलेला कोरा चेक त्याने एजंटाकडे आधीच देऊन ठेवला होता.

पाटल्या घरीच राहू दे, म्हटलं. हे देणं कायद्याच्या लेखी देणंच नाही.

भारतीय करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार निरर्थक, जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. आपल्याकडे त्याहून एक पाऊल पुढे आहे. मुंबई इलाख्याचा १८६५ चा कायदा पैजेसाठी जाणूनबुजून दिलेली उसनवारी आणि पैजेपोटी घेतलेलं तारणही रद्दबातल ठरवतो. दीडशे वर्षांहून जुना हा कायदा वकिलांनाही चटकन आठवत नाही, आणि एजंट नेमके त्याच अज्ञानावर जगतात. चेक न वटल्याची केस झाली तर देणं कायदेशीर नव्हतं हे दाखवायची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. म्हणून एकही मेसेज पुसायचा नाही, हे त्याला बजावलं.

"पण पोलिसात गेलो तर मीच आत जाईन ना?" एजंटाने हीच भीती घालून ठेवलेली. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही सोडत नाही, हे खरं. त्यात सूट आहे ती शर्यतींच्या पैजेला, तीही शर्यतीच्या दिवशी, आवारातल्या राखीव जागेत. महालक्ष्मी रेसकोर्सवर चालतं ते फोनवरून बुकीकडे चालत नाही. क्रिकेटला तर सूटच नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्यात खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ते मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. धमकावून पैसे मागणं हा तर वेगळाच गुन्हा.

बिनव्याजी, बिनकागदाचं, कोर्टात न टिकणारं हे देणं फेडायला पोरं घरातलं सोनं विकतात, सावकाराकडे जातात. कोणी विचारायलाच येत नाही, याचा मला फार त्रास होतो.

तक्रारीचा मसुदा तिथेच लिहून काढला. पोलिसात जायला तो तयार झाला, आईला सांगायला तयार होईना. मग मीच म्हटलं, चल, मी येते. आठ वाजता आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर होतो.