गाणं कधी सुरू होणार?

ट्रम्पेटच्या सरावाचं जुनं पुस्तक किती वापरलं गेलं ते बघायला ते उघडावं लागत नाही. मिटलेलं असतानाच कडेनं बघावं. सुरुवातीची पानं बोटांच्या मळानं आणि व्हॉल्व्ह ऑइलच्या डागांनी काळपट, पुढची नुसती पिवळी आणि शेवटची जवळजवळ कोरी. माळा आवरताना माझं आर्बन सापडलं, तेही असंच. मी कुठवर पोचलो होतो हे त्यात लपत नाही. अगदी शेवटी ‘कार्निव्हल ऑफ व्हेनिस’ची व्हेरिएशन्स आहेत. तिथं डाग सोडा, साधी घडीसुद्धा नाही.

पुस्तकाला सगळे ‘आर्बन’ एवढंच म्हणतात. कर्ता जाँ-बाप्तिस्त आर्बन, पॅरिसचा कॉर्नेटवादक. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचंच आखूड भावंड. पुस्तक १८६४चं, आणि १८६९मध्ये तो तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, कॉर्नेटचा प्राध्यापक झाला. व्हॉल्व्हची कॉर्नेट तेव्हा तशी नवखीच. बासरी-व्हायोलिनला जमतं ते हिलाही जमतं, हे बहुधा त्याला एकदाचं सिद्ध करायचं असावं. त्याशिवाय साडेतीनशेच्या आसपास पानांचा ठोकळा कोण कशाला लिहील?

आमचे सर गोव्याचे. तिकडच्या चर्चच्या शाळांत मुलं आधी सोल्फेज घोकायची, म्हणजे नोटेशन बघून डो-रे-मी म्हणायची, वाद्य नंतर. मुंबईच्या जॅझ बँडना आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांना धडाधड नोटेशन वाचणारे वादक मिळाले ते त्यामुळेच. त्यांतल्या चिक चॉकलेटचं ट्रम्पेट तर सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून मराठी घरांत पोचलं, वाजवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसताना.

सरांची पेन्सिल अजून पानोपानी आहे. श्वास घ्यायचा तिथं स्वल्पविराम, आणि जागोजागी रोमी अक्षरांत ‘सवकास’. एके ठिकाणी तो शब्द इतका दाबून लिहिलाय की पानामागे उठलाय. ते डबल टंगिंगचं, म्हणजे जलद सुरांसाठी जिभेच्या दुहेरी ठोक्यांचं पान : तु-कु, तु-कु. ‘तु’ जिभेच्या टोकानं, ‘कु’ मागच्या भागानं, आणि हा ‘कु’ कायम लंगडा. तबलजी ‘तिरकिट’ तोंडानं घोटतात तसं सर हे आधी तोंडानं म्हणवून घ्यायचे. वाद्य तोवर मांडीवर. बाहेर जिन्यात लोक थांबून ऐकायचे, पोराला काय झालंय म्हणून.

माउथपीस एक तृतीयांश वरच्या ओठावर, दोन तृतीयांश खालच्या, असं आर्बन ठासून सांगतो. त्या ओळीपुढे सरांचं प्रश्नचिन्ह आहे. “त्याचे दात वेगळे, तुझे वेगळे,” म्हणायचे. ग्रंथाला एवढा मान देणारा माणूस त्याच ग्रंथाला असं उडवून लावतो, हे मला फार आवडायचं.

आर्बनखाली हर्बर्ट क्लार्कचं पातळसं पुस्तक निघालं, १९१२चं. हा अमेरिकन बँडमास्टर सूझाच्या बँडमधला सोलो कॉर्नेटवादक. त्याचं म्हणणं : धडा एका श्वासात, पुन्हा पुन्हा आणि शक्य तितक्या हळू आवाजात वाजवा. तेव्हा हा निव्वळ जाच वाटायचा. ट्रम्पेट काय कुजबुजायला घेतात? पण त्यात मेख आहे. मोठा सूर दातांशी माउथपीस दाबून, जोर लावूनही काढता येतो. बारीक सूर ओठ नीट थरथरले तरच निघतो. तिथं लबाडी चालत नाही. शिवाय आता भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत, तेव्हा क्लार्कइतका सोयीचा गुरू दुसरा नाही.

वाजवून बघितलं. बोटांना सगळं पाठ होतं. पण ट्रम्पेटला बटणं तीनच. एकही न दाबता सा वाजतो, प वाजतो, वरचा सा वाजतो, त्याच्यावरचा गही वाजतो. यातला कुठला, हे ओठ ठरवतात. आणि ओठ बोटांसारखे इमानी नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी सगळं विकून खाल्लंय. वरच्या ग ला पोचायच्या आत कडेनं हवा सुटायला लागली.

म्हणून सध्या पहिल्या पानांवरचे लांब सूरच चाललेत, संध्याकाळी, खिडक्या लावून. परवा शेजारच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. आवाजाबद्दल काही बोलतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “छान रे, पण गाणं कधी सुरू होणार?”

आर्बनच्या हिशेबानं गाण्यांना अजून शंभरावर पानं आहेत. मी म्हटलं, “दिवाळीनंतर बघू.”