मेच्या सुट्टीसाठी देश कसा ठरवला: बडोद्याहून परदेशी निघताना

परदेशातल्या सुट्टीसाठी मी एक देश ठरवत नाही, दोन ठरवते. पहिला मनातला. दुसरा असा, की जिथला व्हिसा आधी काढून ठेवावा लागत नाही आणि मेमध्ये जिथली हवा चांगली असते. पहिल्याचा व्हिसा वेळेत आला नाही, तर त्याच तारखांना दुसरीकडे निघता येतं, सुट्टी वाया जात नाही. या खेपेला पहिलं नाव स्वित्झर्लंड आणि दुसरं बाली. तिथवर कसे पोचलो आणि बाकीची नावं कुठे व का गळली, ते सविस्तर लिहिते. जाणारे आम्ही चौघं: नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई.

नकाशा उघडण्याआधी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवायचे. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो म्हणून मुलांचाही चालेल असं धरलं जातं, पण अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यात जे आधी येईल तेवढाच असतो. शेंगेनसाठी, म्हणजे स्वित्झर्लंडसह युरोपातल्या ज्या देशांना मिळून एकच व्हिसा चालतो त्यांच्यासाठी, पासपोर्ट तिथून निघाल्यानंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. इंडोनेशियाला पोचण्याच्या दिवशी सहा महिने शिल्लक लागतात. म्हणून मी सगळ्यांना सहा महिन्यांचाच नियम लावते. नूतनीकरण बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतं. मुलासाठी अनुसूची 'डी' लागते, तिच्यावर आई आणि वडील दोघांच्या सह्या.

आपल्या मराठी नावांचाही एक गुंता असतो. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. तिकीट काढताना मधलं नाव गाळलं, किंवा आधारवर आहे तसं लिहिलं, तर विमानतळावर वाद होतो. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणांच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत जसं नाव आहे तसंच सगळीकडे टाकायचं.

मग तारखा. गुजरातेत शाळेची सुट्टी साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. घरात बारावीचं मूल असेल तर नीट आणि सीयूईटीच्या तारखा आधी बघाव्यात, त्याच काळात येतात. आम्ही वीस मेच्या आसपासचे दहा दिवस धरले.

खरी चाळण लागते ती हवामानाची. मे म्हणजे आपल्या डोक्यात ऊन, पण आग्नेय आशियात याच महिन्यात नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात. थायलंडमधला अंदमान समुद्राचा किनारा, म्हणजे फुकेत आणि क्राबी, या वाऱ्यांच्या थेट तोंडावर आहे. मे ते ऑक्टोबर तिथे समुद्र खवळतो, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, बेटांच्या बोटी ऐनवेळी रद्द होतात. बडोद्यात रावपुऱ्यात किंवा अलकापुरीत कुठल्याही एजंटकडे फुकेतचं पॅकेज याच महिन्यांत इतकं स्वस्त मिळतं, ते यामुळे. थायलंडलाच जायचं असेल तर पूर्वेकडच्या आखातातलं कोह सामुई बघावं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. श्रीलंकेचंही तसंच: गॉल आणि बेंटोटा भिजत असताना पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली कोरडं असतं.

व्हिएतनाम सध्या आपल्याकडे फार चालतं. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. पण उत्तरेला हनोई आणि दक्षिणेला हो ची मिन्ह, दोन्हीकडे मेपासून पाऊस असतो. मधला दा नांग-होई आन पट्टा पश्चिमेच्या डोंगररांगेच्या आडोशाला असल्यामुळे कोरडा राहतो, त्यांचा पाऊस सप्टेंबरनंतर. मात्र कोरडा म्हणजे थंड नव्हे. मेच्या शेवटी तिथे पारा पस्तिशीच्या आसपास आणि वर दमट हवा. बडोद्याच्या बेचाळीस अंशांतून सुटका हवी असेल तर हा पर्याय नाही. समुद्रातच डुंबायचं असेल तर चांगला आहे. जूनपासून त्यांच्या शाळांना सुट्टी लागते आणि किनारे भरतात, म्हणून जायचं तर मेमध्येच.

जपानला मेचा मधला भाग सुरेख असतो. ५ मेच्या सुमारास गोल्डन वीकची, म्हणजे तिथल्या सलग सुट्ट्यांची, गर्दी ओसरते आणि होन्शू या मुख्य बेटावरचा पावसाळा जूनमध्ये लागतो. आमच्याकडून नाव गळलं ते शाकाहारामुळे. सूप, सॉस, अगदी भाजीच्या रश्शातही 'दाशी' म्हणजे माशाचा अर्क असतो, आणि सासूबाईंना रोज त्यातून मार्ग काढायला लावणं मला पटेना. कझाकस्तानातलं अल्माटी हवेच्या दृष्टीने उत्तम, भारतीयांना १४ दिवस व्हिसाही लागत नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर इंडिगोला दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदची विमानं थांबवावी लागली होती. मध्य आशियाचा विचार करताना आधी विमान खरंच चालू आहे का आणि कोणत्या वाटेने जातं, ते तपासायला हवं.

बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण आठ अंशांवर. तिथे मे ते सप्टेंबर ऑस्ट्रेलियाकडून कोरडे वारे येतात, त्यामुळे आपला पावसाळा तो त्यांचा कोरडा हंगाम. जुलै-ऑगस्टपेक्षा मेमध्ये गर्दीही कमी.

स्वित्झर्लंडबद्दल खरं सांगायला हवं: मेच्या शेवटी पाऊस कुठल्याही दिवशी येऊ शकतो. फुर्का, ग्रिमसेल यांसारखे उंच घाट बहुधा जूनमध्ये उघडतात आणि काही रोपवे एप्रिल-मेमध्ये देखभालीसाठी बंद असतात. तरीही मला हा काळ आवडतो. लाउटरब्रुनेनचे धबधबे बर्फ वितळल्यामुळे याच दिवसांत भरभरून वाहतात, सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो आणि जुलैची गर्दी नसते. उंचावरच्या गाडीचं तिकीट मात्र आधी काढून ठेवायचं नाही. सकाळी शिखरावरचा वेबकॅम बघायचा, आभाळ मोकळं असेल तरच काढायचं.

आता अंतर. इथे विमानाचे तास मोजून भागत नाही, घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत मोजावं लागतं. बडोद्याहून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं नाहीत, म्हणून अहमदाबाद किंवा मुंबई. अहमदाबादचा विमानतळ एक्स्प्रेसवेने दोन तासांत येतो. सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉकला तिथून थेट विमानं आहेत, हंगामाप्रमाणे वार बदलतात. बालीसाठी दोन तास घरून, तीन तास आधी हजेरी, साडेपाच तास सिंगापूर, मधला थांबा, पुढे पावणेतीन तास: सोळा-सतरा तास धरावेत. झुरिकला मुंबईहून थेट विमान आहे, नऊ तासांच्या आसपास. वंदे भारतने बोरिवलीला उतरावं, मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन पुन्हा उलटं यावं लागत नाही. गाडीने हायवेवरून जायचं असेल तर वसई-घोडबंदरच्या कोंडीसाठी तीन तास जादा ठेवावेत, नाहीतर रात्रीचं विमान चुकू शकतं.

मधल्या विमानतळाबद्दल सावध राहावं. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी स्वस्त तिकिटं जोडली की बॅग उतरवून घेऊन पुन्हा द्यावी लागते, म्हणजे इमिग्रेशन पार करावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो. सिंगापूरमध्ये यात लोक अडकतात. मलेशियात भारतीयांना सध्या व्हिसा लागत नाही, तिथे निभावतं, फक्त डिजिटल आगमन कार्ड आधी भरायचं.

शेंगेनच्या व्हिसाला सर्वांत जास्त वेळ जातो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, पण तो ४५ पर्यंत लांबू शकतो, आणि हंगामात अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे लागतात. म्हणून मेसाठी जानेवारीत अपॉइंटमेंट बघायला बसावं; मार्चमध्ये युरोप ठरवणं म्हणजे नशिबावर सोडणं. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच्याकडे, रात्री समान असतील तर जिथे पहिला प्रवेश त्याच्याकडे. आम्ही एकच देश घेतला, लुझर्न आणि इंटरलाकेन असे दोनच मुक्काम, त्यामुळे हा प्रश्नच आला नाही. दहा दिवसांत पाच देशांचं पॅकेज घेतलं तर निम्मा वेळ बसमध्ये आणि बॅगा भरण्यात जातो; लहान मूल आणि वयस्क माणूस बरोबर असेल तर ते मी कुणालाच सुचवणार नाही.

फी मोठ्यांची ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाची ४५. आमचे चौघांचे ३१५ युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. केंद्र अहमदाबादेत, एका दिवसात जाऊन येण्यासारखं.

कागदांत बिघडतं कुठे? बहुतेक वेळा आकडे जुळत नाहीत तिथे. दिवसवार कार्यक्रमात नऊ रात्री आणि हॉटेलची बुकिंगं आठच रात्रींची. विमा किमान ३०,००० युरोचा आहे, पण परतीचा दिवस त्यात धरलेला नाही. बँकेच्या उताऱ्यात नेहमी थोडी शिल्लक आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम जमा. हा तर शंका घेण्याचा पहिला मुद्दा. रक्कम कुठून आली, मुदत ठेव मोडली का, ते अर्जासोबतच्या पत्रात लिहून पुरावा जोडावा. आम्ही बँकेच्या शिक्क्याचा सहा महिन्यांचा उतारा, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र आणि मुलाच्या शाळेचं पत्र लावलं. सासूबाईंचा खर्च मुलगा करणार असं पत्र, आणि तरीही त्यांच्या पेन्शनच्या खात्याचा स्वतंत्र उतारा. परत येण्याचं कारण त्यांच्या नावाने दिसायला हवं. एकच पालक मुलाला घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. सत्तरीपुढच्यांच्या विम्याचा दर वेगळा असतो, आणि रक्तदाब-मधुमेहासारखे जुने आजार लपवू नयेत, नाहीतर दावा नाकारला जातो.

ठिकाण ठरवताना खर्चाबरोबर सासूबाईंचे गुडघे आणि श्वासही बघितले. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर, तिथे हवा विरळ. रिगी कुल्म १,८०० मीटरच्या आत, गाडी थेट वर जाते आणि स्विस ट्रॅव्हल पासमध्ये पूर्ण येते. युंगफ्राउयोखवर पासधारकाला फक्त सवलत मिळते. स्विस फॅमिली कार्डावर सहा ते पंधरा वर्षांचं मूल पालकांबरोबर फुकट. जेवणासाठी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्यावं, तांदूळ-डाळ तिथल्या दुकानात मिळते. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी असतात.

पॅकेज घेतलं तर एजंट टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ गोळा केला जाणारा कर, घेतो. त्याचा दर अर्थसंकल्पानुसार बदलत राहतो, तो त्या वेळी विचारावा. महत्त्वाचं हे, की पॅन घरातल्या विवरणपत्र भरणाऱ्या माणसाचा द्यावा. रक्कम त्याच्या नावावर आयकर खात्याच्या नोंदीत दिसते आणि करात वळती होते.

राहिलं दुसरं नाव. अर्ज दिला की पासपोर्ट वकिलातीकडे जातात, हे दुसरा देश निवडताना लक्षात ठेवावं लागतं. बालीसाठी आधी स्टिकर नको, पोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो: माणशी ५,००,००० रुपिया, वर बालीची १,५०,००० रुपियांची पर्यटक आकारणी. वाट बघण्याची आमची शेवटची रेषा निघण्याच्या तीन आठवडे आधीची होती. तोवर पासपोर्ट परत आले नसते तर अर्ज मागे घेऊन पासपोर्ट मागवायचे. फी बुडते, पण बालीचं तिकीट काढायला वेळ उरतो. त्यासाठी दोन्हीकडची हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशी घेतली, आणि रद्द करण्याची शेवटची तारीख त्या रेषेनंतरची. विमानाचं पैसे भरलेलं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढलं नाही; अर्जाला आरक्षण पुरतं.

पासपोर्ट आले की पाकीट उघडून तिथेच स्टिकर वाचावा: नाव, पासपोर्ट क्रमांक, कुठपासून कुठपर्यंत, किती प्रवेश आणि राहण्याचे दिवस. दिवसांचा आकडा आणि तारखांचा पल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मोजायचे ते दिवस. चूक असेल तर लगेच केंद्राला कळवावं. मग झुरिकचं तिकीट काढावं, शाकाहारी हिंदू जेवणाची नोंद त्याच वेळी करावी, आणि त्यानंतर बालीची हॉटेलं रद्द करावीत. हाच क्रम ठेवावा.